त्र्याऐंशीशी तुलना नको

रविवारी मध्यरात्रीच्या सुमारास नेरुळच्या डी. वाय. पाटील स्टेडियमवर, 2025 च्या महिला विश्वचषकाच्या अंतिम सामन्यात, नादिन डी क्लर्कने दीप्ती शर्माचा चेंडू उचलून मारला. चेंडू कव्हरवरून मागे जाऊ लागला तशी हरमनप्रीत कौर पाठमोरी धावत सुटली. माझ्या हातातल्या पेन्सिलीचे टोक तेव्हा कागदाला टेकलेलेच होते. झेल तिच्या हातात बसला, चेंडू मुठीत धरूनच ती धावत राहिली, आणि मी धावपत्रकात लिहिले : झे. हरमनप्रीत, गो. दीप्ती, 18. दक्षिण आफ्रिका सर्वबाद 246, षटके 45.3. भारत 52 धावांनी विजयी. खाली दुहेरी रेघ मारली. त्यानंतर बराच वेळ काहीच लिहिता आले नाही. बाहेर सांगलीच्या गल्ल्यांतून फटाक्यांची सरबत्ती सुरू झाली होती, कोणी तरी मोटारसायकलवरून तिरंगा घेऊन ओरडत गेले, आणि मी पुन्हा पुन्हा त्या एका ओळीकडे पाहत बसलो होतो.

सामना पाहताना हाताने धावपत्रक लिहायची सवय मला 1987 च्या विश्वचषकापासून आहे. तेव्हा शाळेच्या वहीत रेघा आखायचो, पुढे छापील स्कोअरबुके आणू लागलो. आज ती कपाटाच्या दोन फळ्या व्यापून आहेत. शारजा आहे, ईडन गार्डन्सचा तो जळता उपांत्य सामना आहे, 2011 ची वानखेडेवरची रात्र आहे. परवा अंतिम सामन्याआधी मी ती सगळी खाली काढून चाळली. बायकांच्या सामन्याचे पहिले पान सापडले ते 20 जुलै 2017 चे. डर्बीत हरमनप्रीतने ऑस्ट्रेलियाविरुद्ध 115 चेंडूंत नाबाद 171 केल्या, तो दिवस. त्याआधीच्या तीस वर्षांत एकही पान नाही. या तीस वर्षांत भारताच्या बायका खेळतच होत्या. विश्वचषक खेळत होत्या, 2005 मध्ये तर अंतिम सामन्यापर्यंत पोचल्या होत्या. माझ्या वह्यांत मात्र त्यांच्यासाठी रेघसुद्धा आखलेली नाही. हे मला आत कुठे तरी टोचत राहिले आहे, आणि म्हणूनच गेले काही दिवस जिथे तिथे कानी पडणाऱ्या एका वाक्याशी मला भांडायचे आहे.

ते वाक्य असे : ‘बायकांच्या क्रिकेटचे हे त्र्याऐंशी साल.’ बोलणाऱ्याच्या मनात कौतुकच असते, याबद्दल शंका नाही. निमित्तही आयतेच मिळाले आहे. लॉर्ड्‌सवर कपिल देव यांनी असाच मागे धावत जाऊन व्हिव्ह रिचर्ड्‌सचा झेल घेतला होता, आणि त्या झेलाने आपली एक अख्खी पिढी घडवली. पण तुलना करायची तर पुरी करावी. 1983 च्या विश्वचषकापूर्वी भारताच्या पुरुष संघाने दोन विश्वचषकांत मिळून एकच सामना जिंकला होता, तोही पूर्व आफ्रिकेविरुद्ध. 183 धावांवर बाद झालेल्या त्या संघाने दोन वेळच्या जगज्जेत्यांना 140 मध्ये गुंडाळले, तेव्हा जगाने तोंडात बोट घातले. तो विजय आकाशातून पडल्यासारखा आला. एकदिवसीय क्रिकेटची आवड, पैसा, दूरचित्रवाणी, सगळे त्याच्या मागून आले.

नेरुळला जे घडले त्याची चाल नेमकी उलटी आहे. इथे खेळ आधी होता, कितीतरी आधी. 1973 साली पुण्यात बायकांची पहिली आंतरराज्य स्पर्धा झाली, तेव्हा मुंबई, महाराष्ट्र आणि उत्तर प्रदेश एवढे तीनच संघ होते. तीन वर्षांत त्याच बायका वेस्ट इंडीजविरुद्ध कसोटी खेळल्या आणि शांता रंगास्वामी यांच्या नेतृत्वाखाली पाटण्याला जिंकल्याही. 1978 मध्ये विश्वचषक भारतात आला, कर्णधार होत्या मुंबईच्या डायना एडलजी. आरक्षण नसलेल्या डब्यातून प्रवास, शाळा-वसतिगृहांच्या फरशीवर झोपणे, दोघी-तिघींत मिळून एक बॅट, या गोष्टी त्या काळच्या खेळाडू आजही सांगतात. 2005 च्या विश्वचषकात सामन्यामागे एक हजार रुपये मिळाले, असे मिताली राजने सांगितले आहे. अंतिम सामन्यापर्यंत पोचून आठ हजार. त्या वेळी सेंच्युरियनला 98 धावांनी हरलो. 2017 मध्ये लॉर्ड्‌सवर 229 चा पाठलाग करताना 3 बाद 191 वरून सर्वबाद 219 झालो. मुंबईची पूनम राऊत 86 वर पायचीत झाली आणि हातातोंडाशी आलेला घास गेला, अवघ्या नऊ धावांनी.

असा संघ जिंकला तर त्याला चमत्कार म्हणणे हा त्याच्यावर अन्याय आहे. चमत्काराला कष्टाचा हिशेब लागत नाही. इथे तर हिशेबाची वही पन्नास वर्षांहून जुनी आहे. फक्त ती आपण उघडली नव्हती.

आता सामन्याकडे येतो, कारण तो नीट वाचला की हे सगळे त्यातच दिसते.

पावसाने सुरुवात दोन तास लांबली. कार्तिकीचे दिवस, पाऊस केव्हाच परतायला हवा होता, पण यंदा त्याने मुक्काम हलवला नव्हता. दक्षिण आफ्रिकेने नाणेफेक जिंकून क्षेत्ररक्षण घेतले. रात्री दव पडणार, चेंडू निसटणार, पाठलाग सोपा जाणार, असा हिशेब. चुकीचा म्हणता येणार नाही. स्मृती मानधना आणि शफाली वर्मा यांनी 104 धावांची सलामी दिली. स्मृती 45 वर गेली. शफालीने 78 चेंडूंत 87 केल्या. तीन वर्षांहून अधिक काळात एकदिवसीय सामन्यात तिचे पहिले अर्धशतक. मधली षटके मात्र जरा जड गेली. जेमिमा 24, हरमनप्रीत 20. तीनशेच्या पुढे सहज जाईल असे वाटणारी गाडी सावकाश चालू लागली. तेव्हा दीप्तीने एक बाजू धरून 58 धावा केल्या आणि रिचा घोषने 24 चेंडूंत 34 चोपल्या. 7 बाद 298. डाव संपला तेव्हा माझ्या मनात पहिला विचार आला तो, पंधरा-वीस धावा कमी पडल्या, हाच. या मैदानावर तीनच दिवसांपूर्वी 339 चा पाठलाग झाला होता, आणि तो आपणच केला होता.

शफालीविषयी थोडे थांबून लिहायला हवे. स्पर्धेच्या मूळ पंधरा जणींत ती नव्हती. वर्षभर एकदिवसीय संघाबाहेर होती. बांगलादेशविरुद्ध क्षेत्ररक्षण करताना प्रतीका रावलचा घोटा दुखावला, तेव्हा शफाली हरयाणाकडून स्थानिक टी-ट्वेन्टी स्पर्धा खेळत होती. तिथून उचलून तिला थेट उपांत्य सामन्यात उतरवले. तिथे दहा धावा. अंतिम सामन्यात 87. आणि मग ते एकविसावे षटक. दक्षिण आफ्रिकेच्या शंभर पार झाल्या होत्या, दोनच गडी बाद होते, लॉरा वुलव्हार्ट आणि सुने लूस यांची जोडी जमली होती. मुख्य गोलंदाज हाताशी असताना हरमनप्रीतने चेंडू शफालीकडे दिला. शफाली एकदिवसीय सामन्यांत क्वचितच गोलंदाजी करते. मी धावपत्रकाच्या गोलंदाजीच्या रकान्यात तिचे नाव लिहिताना पेन्सिल थांबवून पडद्याकडे पाहिले, की दिसतेय ते खरेच आहे ना. दुसऱ्याच चेंडूवर लूसचा परतीचा झेल तिने स्वतःच घेतला. पुढच्या षटकात मारिझान काप यष्टीमागे रिचाच्या हातात. एका घोटादुखीने मिळालेली संधी आणि एका कर्णधाराला आतून आलेली हाक, या दोन्हींनी मिळून सामन्याचे पारडे फिरवले. पण नुसत्या हाकेने चेंडू टप्प्यावर पडत नाही. वयाच्या एकविसाव्या वर्षी, डावलले गेल्यावरही, शफालीने नेट्समध्ये हात चालू ठेवला होता म्हणून तो पडला.

तरीही वुलव्हार्ट उभीच होती. तिचे मनापासून कौतुक करावे तेवढे थोडे आहे. याच दक्षिण आफ्रिकेला स्पर्धेच्या पहिल्या सामन्यात इंग्लंडने 69 धावांत उडवले होते. त्याच इंग्लंडला त्यांनी उपांत्य सामन्यात 125 धावांनी हरवले, कारण वुलव्हार्टने 169 केल्या. अंतिम सामन्यात पुन्हा शतक. ती कव्हर ड्राइव्ह मारते तेव्हा बॅट किती सरळ खाली येते हे पाहिले, की समोरच्या संघातली आहे याचे भान राहत नाही. अ‍ॅनेरी डर्कसेनबरोबर तिची भागी वाढत चालली आणि माझ्या पोटात गोळा आला. धावा आणि चेंडू यांचे गणित मी समासात मांडू लागलो होतो.

बेचाळिसावे षटक. दीप्तीचा पहिला चेंडू. वुलव्हार्टने गुडघा टेकून तो डीप मिडविकेटकडे उचलला. अमनजोत कौर सीमारेषेजवळून धावत आली. चेंडू हातात आला आणि निसटून वर उडाला. पुन्हा हाताला लागला, पुन्हा उडाला. तिसऱ्या वेळी, शरीर जमिनीकडे झुकलेले असताना, तिने तो एका हातात अडकवला. हे सगळे दोन-तीन श्वासांत झाले असेल. पण त्या दोन-तीन श्वासांत स्टेडियममधल्या चाळीसेक हजार लोकांचा आवाज आधी चढला, मग तुटला, मग गप्प झाला आणि मग फुटला. ते चढणे-उतरणे टीव्हीवरही स्पष्ट ऐकू येत होते. वुलव्हार्ट 101. आफ्रिका 7 बाद 220. त्याच षटकात क्लोई ट्रायन पायचीत.

याच अमनजोतने त्याआधी तझ्मिन ब्रिट्सला थेट फेकीवर धावबाद केले होते. मोहालीची ही मुलगी. तिची पहिली बॅट सुतारकाम करणाऱ्या वडिलांनी घरी घडवली. या स्पर्धेत भारताने झेल पुष्कळ सोडले, हे लपवण्यात अर्थ नाही. माझ्या वहीत सुटलेल्या झेलासाठी एक छोटी फुली असते, आणि साखळी सामन्यांच्या पानांवर त्या फुल्या डोळ्यांत खुपाव्यात इतक्या आहेत. शेवटच्या पानावर मात्र भारताचा सामना एका फेकीने आणि एका झेलाने सावरला. धावफलकावर अमनजोतच्या नावापुढे 12 धावा दिसतात. सामन्यातला तिचा वाटा त्या 12 मध्ये मावत नाही. रेणुका ठाकूरचेही तेच. आठ षटके, 28 धावा, गडी एकही नाही. त्या आठ षटकांनी पुढच्या फिरकीला जो श्वास दिला, त्यासाठी धावपत्रकात रकाना नाही.

आणि दीप्ती. अर्धशतक आणि 39 धावांत पाच गडी, विश्वचषकाच्या अंतिम सामन्यात. स्पर्धेत 22 बळी, 215 धावा, स्पर्धेतली सर्वोत्तम खेळाडू. माझ्या डोळ्यांसमोर मात्र 27 मार्च 2022 चे ख्राइस्टचर्च येत होते. तेव्हाही समोर दक्षिण आफ्रिकाच होती. शेवटचे षटक दीप्तीचेच होते. मिन्यों द्यू प्रीझ झेलबाद झाली, आपण उड्या मारल्या, आणि पंचांनी नो-बॉल दिला. शेवटच्या चेंडूवर सामना गेला, उपांत्य फेरी गेली. पाय रेषेच्या पुढे पडला होता, बस्स एवढेच. त्या एका पावलासाठी आग्र्याच्या या मुलीने किती बोल ऐकले असतील! साडेतीन वर्षांनी त्याच संघाविरुद्ध शेवटचा चेंडू तिच्याच हातात होता. हा योगायोग आहे असे म्हणा, पण तिथवर पोचायला मधली साडेतीन वर्षे रोज त्या रेषेमागे पाय ठेवून चेंडू टाकावे लागतात.

गमावलेल्या सामन्यांची पाने मी आवर्जून पुन्हा वाचली. ऑक्टोबरमध्ये आपण ओळीने तीन सामने हरलो. विशाखापट्टणमला दक्षिण आफ्रिकेची अवस्था 5 बाद 81 असताना त्यांनी 252 गाठल्या. त्याच मैदानावर आपण 330 केल्या आणि ऑस्ट्रेलियाने त्याही ओलांडल्या. इंदूरला इंग्लंडविरुद्ध सामना खिशात असताना शेवटच्या षटकांत हात आखडले आणि चार धावांनी हरलो. स्मृती तेव्हा 88 वर उंच फटका मारून बाद झाली. तो हरलेला सामना मला अंतिम सामन्याइतकाच महत्त्वाचा वाटतो, कारण त्यानंतर ड्रेसिंग रूममध्ये प्रशिक्षक अमोल मुझुमदार यांनी संघाला चांगलेच सुनावले आणि ते कोणी मनाला लावून घेतले नाही, असे हरमनप्रीतने नंतर सांगितले. तिसऱ्या पराभवानंतर एकमेकींकडे बोट दाखवणारे संघ आपण काय थोडे पाहिले आहेत?

इंदूरच्या त्या सामन्यात जेमिमा रॉड्रिग्ज खेळलीच नव्हती. तिला वगळले होते. 2022 च्या विश्वचषकातूनही तिला असेच घरी बसवले होते. भांडुपला जन्मलेली, वांद्र्याच्या मैदानांवर वाढलेली, महाराष्ट्राकडून हॉकीही खेळलेली ही मुलगी. उपांत्य सामन्यात आपण तिसऱ्या क्रमांकावर जाणार हे तिला मैदानात उतरण्याच्या जेमतेम पाच मिनिटे आधी कळले. समोर ऑस्ट्रेलिया, विश्वचषकात सलग पंधरा सामने न हरलेली. समोर लक्ष्य 339, बायकांच्या एकदिवसीय क्रिकेटमध्ये इतका मोठा पाठलाग तोवर कोणी केलेला नव्हता. हरमनप्रीतने 89 केल्या, दोघींनी मिळून 167 जोडल्या. जेमिमाने अर्धशतकाला बॅट उंचावली नाही, शतकालाही नाही. मला आधी वाटले, दमली असेल. दमली होतीच. पण ती मोजत होती ते वेगळे काही तरी होते. नऊ चेंडू शिल्लक असताना धावा पुऱ्या झाल्या, 134 चेंडूंत नाबाद 127, आणि मग ती जी रडू लागली ती थांबेना. तिचे झेल सुटले हे खरे, 82 वर आणि पुन्हा शतकानंतर. पण ज्याला संधी मिळते त्याने ती वापरायची असते, आणि तिने शेवटच्या धावेपर्यंत वापरली.

मुझुमदारांबद्दल लिहिताना माझा हात जरा कापतो, कारण आमच्या पिढीचे ते जुने दुखणे आहे. 1988 साली हॅरिस शील्डमध्ये सचिन आणि विनोद कांबळी 664 धावांची भागी करत होते, तेव्हा पुढचा फलंदाज म्हणून पॅड बांधून बसलेला शारदाश्रमचा मुलगा म्हणजे अमोल. पुढे रणजी पदार्पणात 260, प्रथम श्रेणीत अकरा हजारांहून अधिक धावा, तीस शतके, आणि भारताची टोपी एकदाही नाही. हे सांगून लोक डोळे पुसतात. मला मात्र त्यातून दुसरे काही दिसते. वाट पाहण्याने माणूस आपोआप मोठा होत नाही, पुष्कळदा तो कडवटच होतो. मुझुमदार कडवट झाले नाहीत, आणि आपल्या संघातल्या मुलींना त्यांनी थांबणे म्हणजे काय हे शिकवले. उपांत्य सामन्याच्या मध्यंतरात त्यांनी फळ्यावर लिहिले होते ते एवढेच, की समोरच्यांपेक्षा एक धाव जास्त हवी.

पण या थांबण्याचेही फार गोडवे गाऊ नयेत. आपण खेळाडूंच्या सोसण्याच्या कथा इतक्या आवडीने सांगतो, की सोसायला कोणी लावले हा प्रश्न मागे पडतो. 2013 साली बायकांचा विश्वचषक मुंबईत होता. वानखेडेवर सामने ठरले होते. मुंबई रणजीच्या अंतिम फेरीत गेली आणि वानखेडे रणजीला देण्यात आले, विश्वचषक ब्रेबॉर्नवर हलवला. विश्वचषकाने जागा रिकामी करून द्यायची! त्या वेळी आपल्यापैकी किती जणांना त्यात काही वावगे वाटले? मला वाटले नव्हते. माझ्या वहीत त्या आठवड्याचे पान आहे, ते रणजीच्या अंतिम सामन्याचे.

यंदा नेरुळला सामने आले तेही दुसरीकडच्या दुःखद घटनेमुळे. बेंगळुरूच्या चिन्नास्वामी स्टेडियमबाहेर जूनमध्ये चेंगराचेंगरी झाली, तिथले सामने नवी मुंबईला हलवले. या वेळी मात्र लोक आले. हार्बरच्या लोकलमधून, पनवेल महामार्गाने, पावसात, मुलींना खांद्यावर घेऊन आले आणि दोन तास ओल्या खुर्च्यांवर बसून राहिले. सचिन तेंडुलकर, रोहित शर्माही होते. ती गर्दी कुठून आली? महिला प्रीमियर लीगचा पहिला सामना मार्च 2023 मध्ये याच मैदानावर झाला होता. तिकिटे, नावे, जर्सी, ओळख, हे सगळे लीगच्या तीन हंगामांत हळूहळू मुरत होते. कडपाची श्री चरणी आणि छतरपूर जिल्ह्यातल्या घुवारा गावची क्रांती गौड त्याच लीगमधून यंदा संघात आल्या. 2022 मध्ये आंतरराष्ट्रीय सामन्यांचे मानधन पुरुषांच्या बरोबरीचे झाले, एकदिवसीय सामन्याला सहा लाख. क्रिकेट मंडळाने या विजयानंतर 51 कोटींचे बक्षीस जाहीर केले. आनंदच आहे. पण 2024-25 च्या वार्षिक करारात पुरुषांच्या सर्वोच्च श्रेणीला सात कोटी आणि बायकांच्या सर्वोच्च श्रेणीला पन्नास लाख होते, हेही याच मंडळाचे कागद सांगतात. उत्पन्नाचे गणित पुढे केले जाईल, ते मला कळते. उत्पन्न कुठून येते तर पाहणाऱ्यांतून, आणि पाहणारे तयार व्हायला सामने दिसावे लागतात, मैदाने मिळावी लागतात. वर्षाचे अकरा महिने झाड कोरडे ठेवून बाराव्या महिन्यात फळे मोजली, तर दोष झाडाचा नाही.

सांगलीकर म्हणून हे मला जास्त जवळून दिसते. स्मृती आमच्या माधवनगरची. भाऊ सराव करायचा, त्याच्या मागे ही जायची, आणि उजव्या हाताची मुलगी डावखुरी फलंदाज झाली. 2013 मध्ये बडोद्याला तिने एकोणीस वर्षांखालच्या एकदिवसीय सामन्यात गुजरातविरुद्ध नाबाद 224 केल्या, तेव्हाच्या स्थानिक वर्तमानपत्रातली बातमी मी कापून ठेवली होती. धावपत्रक मात्र कुठून मिळणार? तो सामना दाखवला कोणी नव्हता. या विश्वचषकात तिने 434 धावा केल्या, एका विश्वचषकात भारताकडून कोणी इतक्या केल्या नव्हत्या. सोमवारी सकाळी दूधवाल्यापासून बँकेतल्या कॅशियरपर्यंत सगळे तिच्याबद्दल बोलत होते. ‘आमची स्मृती.’ तो ‘आमची’ ऐकून बरे वाटले. तरीही, आमच्या गावात मुलीला सीझन बॉलने खेळायचे असेल तर आजही बहुतेक वेळा मुलांच्या नेटमध्ये उभे राहावे लागते, सगळ्यात शेवटी बॅटिंग मिळते, आणि कपडे बदलायला आडोसा शोधावा लागतो. एका क्लबच्या मैदानावर हे मी स्वतः पाहिले आहे. नाव लिहीत नाही, कारण एकाचे नाव लिहिले की बाकीचे सुटतात.

बक्षीस समारंभात प्रतीका रावलला चाकाच्या खुर्चीतून आणले, खांद्यावर तिरंगा होता. तिनेही या स्पर्धेत 308 धावा केल्या, न्यूझीलंडविरुद्ध शतक ठोकले. बाकीच्या नाचत होत्या, मग तिच्याभोवती गोळा झाल्या. पुढे चषक झूलन गोस्वामी, मिताली राज, अंजुम चोप्रा यांच्या हातात दिला गेला. झूलन ढसाढसा रडली. वीस वर्षे चेंडू टाकून जे मिळाले नाही ते तिने काही क्षण हातात धरले. स्कोअरबुकात अकराच ओळी असतात. मी अकराव्या ओळीच्या खाली, समासाला खेटून, प्रतीकाचे नाव लिहिले. पुढे चेंडूही नाहीत, धावाही नाहीत, पण त्या पानावर तिचे नाव नसते तर पान अपुरे वाटले असते.

परवा एक फोन आला. येत्या रविवारी आमच्याकडे मुलींच्या दोन संघांत पंचवीस षटकांचा सामना आहे. पंच मिळाले आहेत, चेंडू आणला आहे, धावपत्रक लिहायला माणूस नाही. वर्षानुवर्षे असे सामने झाले आणि त्यांची नोंद कोणाच्या तरी शाळेच्या वहीत राहिली, मग रद्दीत गेली. मी होकार दिला आहे, आणि दोन्ही संघांची नावे आधी कळवा म्हणजे पान आखून ठेवतो असे सांगितले आहे. फोनवरची मुलगी म्हणाली, काका, आमच्याकडे एका बाजूला नऊच जणी आहेत, दोघी परीक्षेमुळे अजून नक्की नाहीत. मी म्हटले, अकरा ओळी रिकाम्या ठेवतो. नाणेफेक सकाळी आठला. मॅटिंग ओले असले तर नऊला.